ऋतुपरिणाम आणि सम्यक् वाचा : हवामान-बदलाविषयीच्या सार्वजनिक भाषेची चिकित्सा

मराठी भाषेत संकटांची दोन नावे पूर्वापार चालत आली आहेत : अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून कोसळते ते अस्मानी. राज्यकर्त्यांच्या हातून ओढवते ते सुलतानी. अवर्षण, गारपीट, महापूर यांची नोंद पहिल्या खात्यात होई. जुलमी सारा, लूट, वेठबिगार यांची दुसऱ्या. या विभागणीत एक व्यावहारिक शहाणपण होते. सुलतानीबद्दल कोणाला तरी जाब विचारता येतो, अस्मानीबद्दल विचारता येत नाही. परंतु कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनामुळे आज आभाळाच्या वागणुकीतच माणसाचा हात शिरला आहे. अस्मानीच्या पोटात सुलतानी आलेली आहे. आपली सार्वजनिक भाषा मात्र जुन्याच खातेवहीवर चालली आहे. मराठवाड्यात गारा पडल्या की 'निसर्ग कोपला', पाऊस लांबला की 'वरुणराजा रुसला', विदर्भात पारा चढला की 'सूर्य आग ओकू लागला'. वाक्य पूर्ण होते, बातमीही पूर्ण होते आणि कारण बाहेरच राहते.

प्रस्तुत लेखाचा हेतू हवामानशास्त्र शिकविण्याचा नाही. राजकारणी, उद्योगसमूह, वृत्तपत्रे आणि धर्मोपदेशक हवामान-बदलाविषयी जे बोलतात, त्या बोलण्याची परीक्षा पालि सुत्तांतील निकषांनी करता येते काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे. आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक् वाचेला स्वतंत्र स्थान आहे. वाणी ही कृतीच होय आणि तिचे परिणाम बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला दोघांनाही भोगावे लागतात, ही त्यामागील भूमिका आहे. आजच्या प्रश्नात हे परिणाम प्रामुख्याने ऐकणाऱ्यांच्या, त्यातही उन्हात राबणाऱ्यांच्या वाट्याला येत आहेत.

कारणाचे ज्ञान

कार्बन डायऑक्साइड वायू उष्णता अडवितो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच ज्ञात झाली होती. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये तिचे गणितही मांडले. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ साली नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहेत. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते सुमारे २८० होते. २३ जून १९८८ रोजी जेम्स हॅन्सन या शास्त्रज्ञांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे साक्ष देऊन तापमानवाढ सुरू झाल्याचे स्पष्टपणे सांगितले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली आंतरसरकारी हवामान-बदल मंडळ स्थापन झाले. मानवी कृतीमुळेच वातावरण, समुद्र आणि भूमी तापली आहे, याविषयी शंकेला जागा उरलेली नाही, असा निष्कर्ष या मंडळाने २०२१ च्या अहवालात नोंदविला.

हे असता ते होते. हे नसता ते होत नाही. इदप्पच्चयतेचा हा नियम ज्याला समजला त्याला वरील परिच्छेदात काहीच अवघड नाही. कारण ठाऊक नव्हते म्हणून उपाय झाला नाही, असे आता म्हणता येत नाही. उलट, कारण ठाऊक झाल्यानंतरच ते झाकणारी भाषा पद्धतशीरपणे घडविली गेली. तिच्या तीन रीती पाहू.

संपजान मुसावाद

विनयपिटकातील पाचित्तिय नियमांपैकी पहिलाच नियम जाणूनबुजून असत्य बोलण्याविषयी आहे. त्याचे निमित्त झालेला हत्थक हा भिक्खू परमतवाद्यांशी वाद करताना आधी नाकारलेले मग मान्य करी, मान्य केलेले मग नाकारी, एका प्रश्नाला दुसरेच उत्तर देई. प्रतिपक्षाला कसेही करून हरविले पाहिजे, असे त्याचे समर्थन होते. या नियमाचे विवेचन करताना विनयाने असत्याची एक फार अचूक खूण सांगितली आहे : 'विनिधाय दिट्ठिं', म्हणजे स्वतःचे खरे मत झाकून ठेवून बोलणे. जे बोलले ते वस्तुस्थितीशी जुळत नाही, एवढ्याने मुसावाद सिद्ध होत नाही. बोलणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असावे लागते.

ही खूण पुढील प्रकरणाला लावून पाहावी. १९८९ साली अमेरिकेत तेल, कोळसा, मोटार इत्यादी उद्योगांनी 'ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन' नावाची संघटना स्थापन केली. हवामान-बदलाचे विज्ञान अनिश्चित आहे, असा प्रचार ती वर्षानुवर्षे करीत राहिली. तिच्याच तांत्रिक सल्लागारांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या अंतर्गत टिपणात मात्र हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया पक्का असून तो नाकारता येणार नाही, असे म्हटले होते. हे टिपण एका न्यायालयीन प्रकरणातून २००९ मध्ये उजेडात आले. एक्झॉन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९७७ पासून केलेली तापमानवाढीची भाकिते बहुतांशी खरी ठरली, हेही २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकातील संशोधनाने दाखविले. त्याच काळात कंपनी जाहीरपणे शंका पसरवीत होती. घरात एक मत आणि बाजारात दुसरे. याला मतभेद म्हणता येणार नाही. विनयाच्या परिभाषेत हा 'विनिधाय दिट्ठिं' आहे.

राजकारणाने याच कामी शब्दांची निवड वापरली. २००२ च्या सुमारास फ्रँक लुंट्झ या सल्लागारांनी अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाला एका टिपणात दोन गोष्टी सुचविल्या : 'जागतिक तापमानवाढ' हा शब्द भयावह वाटतो, त्याऐवजी 'हवामान-बदल' हा सौम्य शब्द वापरावा; आणि विज्ञानाच्या अनिश्चिततेवर भर द्यावा. 'हवामान-बदल' हा शब्द मुळात शास्त्रज्ञांचाच, आणि या टिपणाहून जुना आहे. त्यामुळे तो उच्चारणारा प्रत्येक जण फसवतो असा अर्थ काढू नये. दोष शब्दात नसून तो निवडण्यामागील चेतनेत आहे. पुढे २०१९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे लुंट्झ यांनी आपली चूक झाल्याचे मान्य केले, हेही नमूद केले पाहिजे.

अमराविक्खेप आणि खोटा समतोल

दीघ निकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात 'अमराविक्खेपिक' या मतवाद्यांचे वर्णन आहे. अट्ठकथेच्या एका स्पष्टीकरणाप्रमाणे अमरा हा एक मासा. तो पाण्यात सुळकन निसटतो, हाती लागत नाही. प्रश्न विचारला असता असेही म्हणत नाही, तसेही म्हणत नाही, नाही असेही म्हणत नाही, अशी निसटती उत्तरे देणाऱ्यांना हे नाव दिले आहे. २०१४ च्या सुमारास हवामान-बदलाविषयी विचारले असता अमेरिकेतील अनेक राजकारण्यांनी 'मी काही वैज्ञानिक नाही' हे उत्तर स्वीकारले होते. त्यात असत्य काहीच नाही. तरीही तो अमराविक्खेप आहे. कारण अर्थशास्त्रज्ञ नसूनही ते अर्थसंकल्पावर आणि वैद्य नसूनही आरोग्यावर निर्धास्तपणे मत देतच होते.

वृत्तपत्रांचा दोष वेगळ्या जातीचा होता. दोन्ही बाजू मांडाव्यात हा पत्रकारितेचा चांगला दंडक. पण हजारो शास्त्रज्ञांचे निरीक्षण एका पारड्यात आणि मूठभरांचा नकार दुसऱ्या पारड्यात ठेवून काटा मध्यावर आणला, तर वाचकाची समजूत चुकीची होते. मॅक्सवेल आणि ज्यूल्स बॉयकॉफ यांनी १९८८ ते २००२ या काळातील चार प्रमुख अमेरिकन वृत्तपत्रांतील ६३६ लेखांचा नमुना तपासला. निम्म्याहून अधिक लेखांत मानवी कारण आणि नैसर्गिक चढउतार यांना सारखेच वजन दिलेले आढळले. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नाओमी ओरेस्केस यांनी १९९३ ते २००३ या काळातील ९२८ शोधनिबंधांचे सारांश तपासले, तेव्हा मानवी कारणाचा सिद्धान्त नाकारणारा एकही निबंध त्यांना आढळला नाही. वृत्तपत्रातील प्रत्येक वाक्य खरे असूनही एकूण चित्र खोटे ठरू शकते, ते असे.

येथे कालामसुत्ताचा आधार घेऊन कोणी म्हणेल की, तथागतांनीच कशावरही विश्वास ठेवू नका असे सांगितले आहे. मग विज्ञानावर तरी का ठेवावा? हा त्या सुत्ताचा अपुरा अर्थ आहे. कालामांना पडलेल्या शंकेचे तथागतांनी स्वागत केले, पण त्यांना शंकेतच सोडून दिले नाही. एखाद्या मताच्या मुळाशी लोभ, द्वेष, मोह आहेत काय आणि त्याप्रमाणे वागल्यास अहित होते की हित, हे स्वतः तपासावयास शिकविले. हाच निकष शंका पसरविणाऱ्यांनाही लावला पाहिजे. ही शंका टिकल्याने कोणाचा नफा टिकतो? विचिकिच्छा हे पाच नीवरणांपैकी एक आहे. शोध घेणारी वीमंसा मात्र इद्धिपादांत गणली जाते. या दोहोंतील भेद विसरता कामा नये.

'आपण सारे'

तिसरी रीत सर्वांत सभ्य आहे, आणि म्हणून ओळखण्यास कठीण. 'मानवाच्या हव्यासामुळे पृथ्वी तापली', 'आपण सारेच दोषी आहोत' ही वाक्ये वरकरणी नम्र वाटतात. त्यांत कारण नाकारलेले नसते. ते इतके पातळ केलेले असते की कोणाच्याच हाती लागू नये.

२००४-०५ च्या सुमारास बीपी या तेलकंपनीच्या जाहिरात-मोहिमेने प्रत्येक नागरिकाला स्वतःचा 'कार्बन फूटप्रिंट', म्हणजे कार्बनचा पाऊलठसा, मोजावयास सांगितले आणि हा शब्द जगभर रुळला. स्वतःचा वापर तपासणे वाईट नाही. मत्तञ्ञुता, म्हणजे मात्रा जाणणे, हा आपल्याकडे गुणच मानला आहे. पण तेल काढून विकणाऱ्याने दिवा मालविण्याचा उपदेश ग्राहकाला करावा आणि स्वतःच्या विहिरीविषयी मौन पाळावे, यात हेतूंची साखळी मध्येच तोडली जाते.

देशांच्या पातळीवरही असेच घडले. १९९० मध्ये अमेरिकेतील 'वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट' या संस्थेच्या अहवालाने तापमानवाढीला जबाबदार असणाऱ्या अग्रगण्य देशांत भारताची गणना केली. त्याला १९९१ मध्ये दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'चे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी उत्तर दिले. भाताच्या खाचरातून आणि गोठ्यातून निघणारा वायू व श्रीमंत देशांतील मोटारींचा धूर एकाच मापाने मोजणे अन्याय्य आहे. एक जगण्यासाठीचे उत्सर्जन आहे, दुसरे चैनीचे, हा त्यांचा मुद्दा होता. आजही दरडोई हिशेब पाहिला तर अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन आणि भारतात सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. खनिज इंधनांच्या आजवरच्या एकूण उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश, तर भारताचा ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास आहे.

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथील परिषदेत कोळसा 'बंद करण्या'ऐवजी 'कमी करण्या'चा शब्दप्रयोग भारताच्या आग्रहाने शेवटच्या क्षणी स्वीकारला गेला, तेव्हा अनेक पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी भारताकडे बोट दाखविले. त्या ठरावात तेल आणि वायू यांचा त्यांच्या नावाने उल्लेखच नव्हता, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली. सर्व खनिज इंधनांपासून दूर जाण्याचे शब्द ठरावात यावयास २०२३ ची दुबई परिषद उजाडावी लागली. या परिषदांची सुरुवात होऊन तोवर जवळजवळ तीस वर्षे लोटली होती.

येथवरचे विवेचन आपल्या राष्ट्रीय भूमिकेला सुखावणारे आहे. म्हणूनच पुढचे पाऊल टाकणे आवश्यक आहे. परदेशात दरडोई सरासरी सांगताना ज्या गरिबाचा आकडा पुढे केला जातो, तो गरीब देशात परतल्यावर कोठे असतो? दोन टनांची सरासरी कमी राहते, ती ज्यांच्या घरात एक दिवा आणि एक पंखा आहे त्यांच्यामुळे. चंद्रपूर वा कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेशेजारी राहणारी वस्ती आणि त्या विजेवर थंड केलेल्या कार्यालयात बसणारा अधिकारी, हे दोघेही 'आपण भारतीय' या एकाच शब्दात बसतात. 'मानवजात' हा शब्द श्रीमंत राष्ट्रांना जे आवरण देतो, तेच आवरण 'राष्ट्र' हा शब्द देशातील संपन्नांना देतो. 'आपण सारे' या शब्दामागे काय दडते, हे ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवूनही 'आपण सारे एकच' असे ऐकविले गेले, त्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

मोळियसीवकाचा प्रश्न

संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक राजगृहाच्या वेळुवनात तथागतांना विचारतो : माणसाला जे जे सुख-दुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच होते, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले मत काय? तथागत हे मत नाकारतात आणि वेदनेची आठ कारणे मोजून दाखवितात : पित्त, कफ, वात, या तिहींचा सन्निपात, ऋतूतील बदल, विषम परिहार म्हणजे शरीराची अयोग्य हेळसांड, दुसऱ्याने केलेला आघात, आणि शेवटी कर्मविपाक. पाचव्या कारणासाठी योजलेला पालि शब्द 'उतुपरिणाम' असा आहे. हवामान-बदलाचे भाकीत म्हणून या शब्दाकडे पाहणे चूक ठरेल. तो बदलत्या ऋतूच्या शरीरावरील परिणामाविषयी आहे. त्याचे महत्त्व निराळे आहे. उन्हाने आलेले दुःख हे उन्हाचेच आहे, पूर्वजन्मीच्या पापाचे नाही, असा स्पष्ट निवाडा येथे मिळतो.

अंगुत्तर निकायातील तित्थायतन सुत्तात हाच विचार व्यापक केला आहे. सर्व काही पूर्वकृतामुळे, सर्व काही ईश्वराच्या इच्छेने, सर्व काही विनाकारण : ही तीन मते कितीही ताणली तरी अकर्मण्यतेतच संपतात, असे तेथे प्रतिपादन आहे. आजच्या बोलण्यात ही तिन्ही मते जिवंत आहेत. 'माणसाच्या पापाचे फळ' हे पहिले, 'दैवी कोप' हे दुसरे, 'हवामान तर नेहमीच बदलत आले आहे' हे तिसरे. तिन्हींचा निष्कर्ष एकच : करण्यासारखे काही नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ऋतु-नियम, बीज-नियम आणि कम्म-नियम यांचे विवेचन करताना सृष्टीचा क्रम आणि समाजाचा नैतिक क्रम वेगळे दाखविले. नैतिक क्रम राखण्याची जबाबदारी ईश्वरावर न टाकता माणसाच्या कृतीवर ठेवली. आज माणसाची कृती ऋतूच्या क्रमातच ढवळाढवळ करू लागल्यामुळे ही जबाबदारी दुप्पट झाली आहे.

कारणांची ही विभागणी प्रत्यक्ष घटनांना लावता येते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावर भर उन्हात झालेल्या शासकीय पुरस्कार-समारंभानंतर उष्माघाताने १४ माणसे दगावली. ऊन ऋतूचे होते. वेळ, मैदान आणि सावलीचा अभाव ही माणसांची निवड होती. उतुपरिणाम आणि विषम परिहार अशी दोन कारणे येथे एकत्र आली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा पाऊस कमी झाला होता हे खरेच. पण दुष्काळी पट्ट्यात कोणत्या पिकाला किती पाणी दिले गेले, हा प्रश्न पावसाचा नव्हता. आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर तर निसर्गाचा काहीच दोष नव्हता. तळ्यात पाणी होते. तहान माणसांनी निर्माण केलेली होती. पाणी असतानाही तहान कशी घडविली जाते हे ज्यांच्या पूर्वजांनी अनुभवले, त्यांनी तरी 'निसर्गाचा कोप' हे उत्तर तपासल्याविना स्वीकारू नये.

आपली स्वतःची वाणी

निकष दुसऱ्यांना लावले, आता ते स्वतःलाही लावले पाहिजेत. 'भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच हवामान-बदल सांगून ठेवला होता' असे विधान कधी कधी आपल्याही प्रवचनांत ऐकू येते. त्यासाठी अंगुत्तर निकायातील अधम्मिक सुत्ताचा दाखला देतात. राजे अधार्मिक झाले की अधिकारी, गृहस्थ, नगरे आणि जनपदे अधार्मिक होतात. मग चंद्र-सूर्य आणि वारे मार्ग सोडतात, पाऊस वेळेवर पडत नाही, पिके नीट पिकत नाहीत, असा तेथे क्रम आहे. हा प्राचीन भारतातील राजनीतीचा सर्वपरिचित विचार होता; त्यात कार्बनचे विज्ञान शोधणे म्हणजे विज्ञान आणि सुत्त दोहोंवर अन्याय. त्या सुत्तात घेण्यासारखे आहे ते साखळीचे पहिले टोक. अनर्थाची सुरुवात सत्ताधाऱ्यापासून मोजली आहे, शेतमजुरापासून नाही.

सत्कार्यासाठीही असत्य चालत नाही, हे मज्झिम निकायातील अभयराजकुमार सुत्तावरून शिकावे. तेथे वाणीचे सत्य-असत्य, हितकर-अहितकर, प्रिय-अप्रिय असे प्रकार मांडले आहेत. असत्य पण हितकर, असा प्रकार त्या यादीत नाहीच. सत्य, हितकर पण अप्रिय असे वचन मात्र तथागत योग्य वेळ पाहून उच्चारतात. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता आंतरसरकारी मंडळाच्या २००७ च्या अहवालात वर्तविली गेली. ती चूक होती आणि मंडळाने जानेवारी २०१० मध्ये तशी कबुली दिली. कबूल केलेली चूक मुसावाद ठरत नाही, पण विरोधकांनी तिचा पुरेपूर उपयोग करून घेतला. ऑक्टोबर २०१८ च्या अहवालाने तापमानवाढ दीड अंशावर रोखावयाची तर २०३० पर्यंत उत्सर्जन २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी घटवावे लागेल असे सांगितले. वृत्तपत्रांनी त्याचे 'पृथ्वी वाचविण्यास बारा वर्षे उरली' असे शीर्षक केले. मुदत टळूनही जग चालू राहिले की ऐकणाऱ्याचा खऱ्या इशाऱ्यावरचाही विश्वास उडतो.

समारोप

अनेक विहारांत उपासक-उपासिका एकत्र बसून ग्रंथवाचन करतात. महिन्यातून एकदा त्याच बैठकीत वृत्तपत्रातील हवामानाची एक बातमी किंवा पुढाऱ्याचे एक भाषण वाचावे आणि चार प्रश्न विचारावेत, अशी माझी सूचना आहे. या वाक्यात कारण सांगितले आहे की झाकले आहे? सांगणाऱ्याला खरे काय ते ठाऊक आहे काय? 'आपण' या शब्दात कोण कोण आहेत? आणि हे ऐकून ऐकणाऱ्याला काही करता येईल, की त्याने केवळ हात जोडावेत?

मे महिन्यात दुपारी डांबर टाकणाऱ्या मजुराला ऊन का वाढले हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. सहन करावयास सांगणारे पुष्कळ भेटतात. कामाच्या वेळा बदलाव्यात, सावली आणि पाणी हक्काने मिळावे, बुडालेल्या मजुरीची भरपाई व्हावी, ही मागणी त्याला तेव्हाच करता येईल, जेव्हा त्याच्या दुःखाचे कारण त्याच्या भाषेत त्याला सांगितले जाईल. दुःखाचा समुदय आधी नीट उच्चारला पाहिजे. निरोधाचा मार्ग त्यानंतरचा आहे.